बारा फेऱ्यांची लाइन

विहिरीची पातळी रोज वीतभर खाली जात होती, त्या उन्हाळ्यात आमची पाणीयोजना कंपनीकडे गेली. गेली म्हणजे पुरती गेली नाही. विहीर, टाकी आणि पाइप खात्याचेच राहिले, चालवायचं काम कंपनीकडे आलं. आम्ही चार माणसं खात्याची. आम्हाला तीन महिन्यांसाठी कंपनीला उसनं दिलं. तीन महिने झाले की कंपनी हवे ते ठेवून घेणार, नकोत ते परत करणार. परत गेलेल्याने खात्याच्या गोदामात बसायचं, फुटक्या मीटरांच्या ढिगाशेजारी. पगार तोच, पण गोदाम बसने तीन तासांवर होतं.

मला निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. बायको जाऊन दहा महिने झाले होते. परक्या गावात खोली घेऊन एकट्याने राहायचं माझ्याने होणार नव्हतं. घरात तिची जागा रिकामी होती, पण ती निदान माहितीची होती.

माझं काम व्हॉल्वमनचं. पहाटे टाकीखालचा मोठा व्हॉल्व उघडायचा, मग एकेका गल्लीचा. रस्त्यात लोखंडी झाकण असतं, खाली खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व. कमरेइतक्या उंचीची चावी असते, वर आडवा दांडा. ती खाली बसवायची, पाय फाकवून उभं राहायचं आणि फिरवायची. डावीकडे फिरवलं की चालू, उजवीकडे फिरवलं की बंद. वरच्या गल्लीला वीस फेरे, बाजाराला सोळा, खालच्या लाइनला बारा. एकतीस वर्षांत हे आकडे बदलले नाहीत. हिशेब डोक्यात नव्हता, खांद्यात होता.

कंपनीने सुपरवायझर नेमायला माणसं मागवली तेव्हा माझ्या सुनेने अर्ज केला. ती बारावी झालेली होती, कॉम्प्युटरचा कोर्सही केला होता. त्या कोर्ससाठी आमची हीच तिच्यामागे लागली होती, रोज बसपर्यंत पोहोचवून यायची. मुलगा ट्रक चालवतो, पंधरा पंधरा दिवस बाहेर. त्याने फोनवर म्हटलं, मिळाली तर कर. मिळाली. आणि पहिल्या तारखेला मी हजेरीवर सही करायला गेलो तर टेबलामागे सूनबाई.

पंपावरचे अप्पा माझ्याच वयाचे. त्यांना इतकं सुख बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. "तात्या, घरी उशीर झाला तर बोलणी, इथं उशीर झाला तर लाल शेरा. माणूस एकच. विनवण्या करायला तुझी चप्पल तरी एकाच दारी झिजेल."

"तुम्ही पंप बघा," मी म्हटलं.

"पंप बघतोच आहे. पण हे जास्त बघण्यासारखं आहे."

मला अडचण वेगळीच होती. तिला हाक काय मारायची? बाकीचे तिला मॅडम म्हणायचे. माझ्या तोंडून तो शब्द निघेना, आणि चारचौघांत 'पोरी' म्हणणं बरं दिसत नव्हतं. तिचीही तीच गत. ती भिंतीकडे बघून विचारायची, "बाजाराचं झालं का?" मी रजिस्टरकडे बघून सांगायचो, "झालं."

घरी तरी काय वेगळं होतं? ही होती तेव्हा आमचं सगळं तिच्यामार्फत चालायचं. तिघं एका खोलीत बसलेले असलो तरी सूनबाई म्हणायची, "आई, मामांना विचारा चहा घेणार का." मी म्हणायचो, "तिला सांग, अर्धा कप." मधलं माणूस गेलं आणि आमचे निरोप तसेच राहिले. सकाळी मी चहा करून तिचा कप झाकून ठेवायचो. संध्याकाळी ती माझं ताट झाकून ठेवायची.

तिसऱ्या महिन्यात तीन ठिकाणचे जुने व्हॉल्व काढून नवे बसवायचं ठरलं. त्याआधी आम्हाला शिकवायचं होतं, आणि शिकवणार होती सूनबाई. दुपारी पंपहाऊसच्या ओसरीत तिने तक्ता लावला. मी पहिल्या बाकावर बसलो, कारण मागच्या बाकाचा पाय मोडला होता. ती बोलायला उभी राहिली, तिची नजर माझ्यावर पडली आणि आवाज बसला. तिने दोनदा घसा साफ केला. छडी हातातून सुटली. अप्पा मिश्या पुसत हसू दाबत होते.

मला तिची दया आली. सासऱ्याला समोर बसवून कोण शिकवील? मी उठलो, "चहा सांगून येतो" म्हटलं आणि चहावाल्याकडे जाऊन बसलो. पाऊण तास बसलो. परत आलो तेव्हा चहा गार झाला होता आणि शिकवणंही संपलं होतं. हजेरीच्या कागदावर माझ्या नावापुढे तिने बरोबरची खूण केली होती. मी ती पाहिली. मी पाहिलं हे तिनेही पाहिलं.

चार दिवसांनी खालच्या लाइनचा व्हॉल्व बदलला. फिटर सकाळी सातला काम संपवून गेला. आठला मी कामासाठी बंद ठेवलेला टाकीखालचा मोठा व्हॉल्व उघडला आणि चावी घेऊन गेलो. खड्ड्यात गुडघाभर गढूळ पाणी साचलं होतं, व्हॉल्व दिसत नव्हता. तो बघायची मला कधी गरज पडली नव्हती. चावी बसली, डावीकडे बारा फेरे मारले. जुना व्हॉल्व फिरवताना छातीत कळ यायची, हा अगदी हलका फिरला. तासाभराने उजवीकडे बारा फेरे मारले. बाराव्याला तो असा घट्ट बसला की मी मनात म्हटलं, माल चांगला दिलाय कंपनीने. हिला सांगायला हवं, असंही वाटलं. मग आठवलं.

एक वाजता अप्पा टाकीच्या जिन्यावरून ओरडले, "तात्या, टाकीत तळ दिसतोय."

सकाळी टाकी काठोकाठ भरली होती. आणि त्या दिवसांत विहिरीला पुन्हा पाणी धरायला सहा तास लागायचे, म्हणजे वरच्या गल्लीची संध्याकाळची वेळ गेली. बातमी पायाने येते का वाऱ्याने, कुणास ठाऊक, पण अर्ध्या तासात वरच्या गल्लीतली माणसं पंपहाऊससमोर जमली. पुढे हार्डवेअरचा दुकानदार.

"कंपनी आली आणि पाणी गेलं," तो म्हणाला. "विकलं कुठं?"

सूनबाई बाहेर आली. "आम्ही शोधतोय. कुठेतरी गळती आहे."

"गळती कसली? सासरा सून मिळून योजना चालवताय, गळतीला वाव कुठे आहे?"

दोघंतिघं हसले. सूनबाईचे कान लाल झाले. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार, इतक्यात सायकलवरून एक म्हातारा आला. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. खालच्या लाइनच्या टोकाला वीस घरांची वस्ती आहे, तिथला.

"पाणी बंद करा हो," तो धापा टाकत म्हणाला. "कोंबड्या पोहतायत."

"कुठलं पाणी?" अप्पांनी विचारलं.

"नळाचं."

"तुमच्या नळाला पाणी येत नाही."

"तेच तर. आठ वर्षांत आलं नाही म्हणून नळाला कुणी तोट्याच ठेवल्या नाहीत. माझ्या नळाला शेळी बांधलेली असते. नऊ वाजल्यापासून धार लागलीय. शेळी भिंतीवर चढून बसलीय आणि उतरायला तयार नाही."

दुकानदारालाही हसू आलं. मला आलं नाही.

सूनबाई आणि मी खालच्या व्हॉल्ववर गेलो. तिने बादलीने खड्ड्यातलं पाणी उपसलं, मी करतो म्हटलं तर ऐकलं नाही. तळाशी व्हॉल्वच्या टोपीवर बाण होता. उजवीकडे चालू. डावीकडे बंद. फिटरने जाताना तो पूर्ण उघडा ठेवला होता. म्हणजे मी उघडला तेव्हा अर्धा बंद केला होता, आणि बंद केला तेव्हा पुरा उघडला होता.

"तक्त्यावर हेच होतं," ती हळूच म्हणाली.

मी चावी बसवली. खांदा ऐकेना, पुन्हा पुन्हा उजवीकडे ओढ घ्यायचा. मग तिने दांड्याचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघं खड्ड्याभोवती गोल फिरू लागलो, घाण्याच्या बैलांसारखे. मी मोठ्याने मोजत होतो. बारा झाल्यावर सवयीने थांबलो.

"थांबू नका मामा, अजून आहे."

चोविसाव्याला तो बसला. दोघांच्याही तळहातांना फोड आले होते.

संध्याकाळी घरी ताट झाकलेलं नव्हतं. ती समोर बसून होती.

"मला अहवाल लिहायचाय," ती म्हणाली. "ट्रेनिंग दिलं होतं का, असा रकाना आहे. मी तुम्हाला हजर दाखवलंय."

"लिही, मी झोपलो होतो."

"तुम्ही झोपला नव्हता. उठून गेला होता. आणि मला बरं वाटलं होतं. तेही लिहावं लागेल."

"ते लिहिलंस तर तुझी नोकरी जाईल."

"नाही लिहिलं तर तुमची जाईल. महिनाअखेरीस यादी आहे."

मी घास घेतला, तो तोंडात फिरत राहिला. "मी गोदामात जाईन," मी म्हटलं. "तू लिहू नकोस."

"जेवा," ती म्हणाली. तिने काय लिहिलं ते मला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वरच्या गल्लीला सकाळचंही पाणी पुरलं नाही. मी हातगाडीवर चार पिंपं बांधली आणि विहिरीवरून भरभरून वर ओढत नेली. चढ आहे. ऊन पाठीवर होतं, तळहातांचे फोड फुटून दांड्याला चिकटत होते. सहा खेपा केल्या. दारोदार मान खाली घालून उभा राहायचो, वाटायचं, आता बोलणार. एक बाई बादली पुढे करत म्हणाली, "तात्या, एकतीस वर्षांत पहिल्यांदा घरपोच. अशी चूक महिन्यातून एकदा करत जा." दुकानदाराने स्वतः पिंप उतरवायला हात लावला. तो खुशीत होता. सकाळी खालच्या वस्तीची माणसं येऊन त्याच्याकडून वीस तोट्या घेऊन गेली होती.

"वीस?" मी विचारलं.

"दुकानात होत्या तेवढ्या. त्यांना वाटतंय पाणी पुन्हा येणार."

ते ऐकून मला गाडी ओढण्यापेक्षा जास्त दमायला झालं.

तिसऱ्या दिवशी सूनबाईने मला टेबलासमोर बसायला सांगितलं. कंपनीचा नियम होता, दर तीन महिन्यांनी प्रत्येक कामगाराला विचारायचं की तो कामावर समाधानी आहे का. दहा प्रश्न होते. बाकी तिघांचं तिने आधीच उरकलं होतं. अप्पांनी दहाही प्रश्नांना "मजेत" असं एकच उत्तर दिलं होतं.

"कामाची वेळ सोयीची आहे का?" तिने कागदाकडे बघून वाचलं.

"आहे."

"साधनं पुरेशी आहेत का?"

"चावी एक आहे. दोन खांदे आहेत."

तिने लिहिलं. "तुमच्या कामातल्या अडचणी कुणी ऐकून घेतं का?"

एकतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. खात्यात कधी असा कागद आला नाही. मी म्हटलं, "घ्यायची की. वर्षापूर्वीपर्यंत."

तिचं पेन थांबलं.

"तिला त्यातलं काही कळायचं नाही," मी म्हटलं. "पण रोज विचारायची, आज खालच्या लाइनला किती फेरे? मी म्हणायचो, बारा. ती म्हणायची, कालपण बाराच होते, कंटाळा नाही येत? एकदा म्हणाली, तेरावा मारला तर काय होतं? मी म्हटलं, पाइप फुटतो, तुला काय कळतं त्यातलं."

"का फुटतो?"

"सिमेंटचा जुना पाइप होता. मी लागलो त्या वर्षी एकदा पूर्ण उघडला आणि फुटला. तेव्हाच्या इंजिनीअरने सांगितलं, बाराच्या पुढे जायचं नाही."

"तो पाइप आहे अजून?"

"नाही. आठ वर्षांपूर्वी बदलला, लोखंडी टाकला, टोकाच्या वस्तीपर्यंत. चर मीच खणला होता, पावणेदोन महिने..."

मी थांबलो. ती माझ्याकडे बघत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून ती पहिल्यांदाच अशी सरळ माझ्याकडे बघत असेल.

"मग परवा पाच तास पूर्ण उघडा होता," ती म्हणाली, "तो का नाही फुटला?"

मला हसू फुटलं. आधी नाकातून आलं, मग पोटातून. आठ वर्षं मी नव्या पाइपला जुन्या पाइपाची काळजी दाखवत होतो. त्या काळजीपायी वीस घरांना पाण्याचा थेंब मिळाला नव्हता. सूनबाईनेही डोकं टेबलावर टेकलं, तिचे खांदे हलत होते. अप्पा दारात येऊन उभे राहिले. "काय विचारलं हिने?" त्यांनी मला विचारलं. "मला तर असा प्रश्न आला नव्हता."

अप्पा गेल्यावर मी तो कागद माझ्याकडे ओढला. "तुला कुणी विचारलं हे?"

"सुपरवायझरला नाही विचारत."

"मग मी विचारतो. कामाची वेळ सोयीची आहे का?"

तिने डोळे पुसले. "आहे."

"कामाच्या जागी कशाची भीती वाटते का?"

"असा प्रश्न नाहीये त्यात."

"मी घातला."

ती जरा वेळ पेनाचं टोपण काढत घालत राहिली. "मला वाटतं तुम्हाला राग आलाय. मी खुर्चीवर बसते म्हणून."

"राग नाही. मला हाक काय मारायची ते सुचत नाही. बस, तेवढंच आहे."

"मलाही नाही सुचत," ती म्हणाली. "मी तर भिंतीशी बोलते."

त्यानंतर दोन दिवस आम्ही मोजत बसलो. टाकीच्या पट्टीवर रेघा असतात. खालची लाइन बारा फेऱ्यांवर तासभर चालवली तर पाच रेघा पाणी उतरायचं, आणि सगळं वाटेतल्या घरांतच संपायचं. चोवीस फेऱ्यांवर चाळीस मिनिटं चालवली तरी पाचच रेघा उतरल्या. ती वर पट्टीशी उभी राहून आकडे ओरडायची, मी खाली चावी धरून मिनिटं ओरडायचो. "चार झाल्या." "तीस झाली." येणारे जाणारे थांबून बघायचे. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकांशी एवढं बोललो नव्हतो, तेही ओरडून.

सहाव्या दिवशी कंपनीचे साहेब आले. माझ्या मुलापेक्षा लहान, मानेवर उन्हाचा पट्टा उठलेला. हातात दोन कागद, एक अहवाल, एक यादी.

"यात तुम्ही यांची चूक लिहिलीय," ते सूनबाईला म्हणाले. "आणि खोटी हजेरी दाखवली म्हणून स्वतःचीही."

"हो साहेब."

"दोघांच्या चुका तुम्हीच लिहिल्यावर मी काय लिहू?" त्यांनी कपाळ पुसलं. "यांना ठेवायचं की परत पाठवायचं? तुमची शिफारस काय?"

"ते माझे सासरे आहेत. शिफारस मी करणार नाही," ती म्हणाली. तिचा आवाज या वेळी बसला नाही. "तुम्ही त्यांच्याबरोबर टोकाला जा. व्हॉल्व आज मी उघडते. पाणी किती मिनिटांत पोहोचतं ते तुम्हीच बघा आणि ठरवा."

म्हणून मी साहेबांच्या मोटारसायकलवर मागे बसून टोकाच्या वस्तीत गेलो. पाणी सोडल्यावर पुढचा व्हॉल्व गाठायचा असतो, त्यामुळे पाणी पोहोचताना मी कधी पाहिलंच नव्हतं. वीस घरं, वीस नव्या तोट्या, उन्हात चमकत होत्या. दुकानदाराने एकाच मापाच्या सगळ्या खपवल्या होत्या, काही फडकी गुंडाळून बसवल्या होत्या. बादल्या रांगेने लावलेल्या. साहेबांनी घड्याळ काढून हातात धरलं. फोड झोंबत होते. मी मनात फेरे मोजत होतो, आता ती सहाव्याला असेल, आता दहाव्याला, आता बारा. थांबू नकोस पोरी, अजून आहे.

पंधरा मिनिटं झाली. काही नाही. साहेबांनी यादीची घडी उलगडली, परत घातली. एका तोटीतून हवा सुटली, आजारी माणसाने खोकावं तशी. मग लाल पाण्याची गुळणी आली. मग पुन्हा काही नाही. तो सायकलवाला म्हातारा शेळीचं दावं धरून लांब उभा होता.

बाविसाव्या मिनिटाला पाणी आलं. आधी करंगळीएवढं, मग अंगठ्याएवढं. बादलीच्या तळावर पडून ते असं वाजलं की सगळ्यांनी बोलणं थांबवलं. मग एकदम गलका झाला. कुणी तोंड धुतलं, कुणी भांडं पुढे केलं, एका बाईने ओंजळभर पाणी नवऱ्याच्या डोक्यावर ओतलं आणि तो बघतच राहिला. मी नळाशी उकिडवा बसून धारेखाली हात धरला. हाताची आग थांबली. डोळ्यांतून पाणी आलं ते मी त्यातच धुऊन टाकलं.

साहेबांनी एक पालथी बादली घेतली, त्यावर यादी ठेवली आणि एका ओळीवर काहीतरी लिहिलं. मला काय लिहिलं ते दिसलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही.

बादली भरून झालेली एक बाई माझ्याजवळ आली. "तुम्ही कोण? इकडे कधी पाहिलं नाही तुम्हाला."

"मी पाणी सोडतो."

"असं होय." तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग उद्या किती वाजता सोडणार?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते पेन खिशाला अडकवत होते.

"सांगा की त्यांना," ते म्हणाले. "मला काय माहीत? व्हॉल्वमन तुम्ही आहात, सुपरवायझर तुमची सून."

"साडेआठला," मी म्हटलं. मग उठून पुन्हा नीट म्हटलं. "साडेआठला सोडतो. नऊच्या आत तुमच्या बादलीत."

"आणि नाही आलं तर?"

"तर येऊन मला शिव्या द्या. वरची गल्ली एकतीस वर्षं देतेय."

ती हसली आणि बादली उचलून कमरेवर घेत मागच्या बायांना ओरडून म्हणाली, "ऐकलंत का गं? आपलाही नंबर लागला."